ब्रेक दाबला की टेल लाइट विझते आणि इंडिकेटर मंद पेटतो: जुन्या गाडीत दोष कुठे शोधावा?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: गाडी अठरा-एकोणीस वर्षांची. रात्री दिवे लावून ब्रेक दाबला की मागची डावी टेल लाइट विझते, त्या बाजूची ब्रेक लाइट पेटतच नाही आणि डावा इंडिकेटर मात्र मंद पेटून राहतो. बल्ब नवे घातलेत, फ्यूज शाबूत आहेत. गॅरेजमध्ये अख्खी लाइट असेंब्ली बदलायला सांगितलंय. शिवाय पुढची उजवी हेडलाइट डावीपेक्षा पिवळट दिसते.

असेंब्ली लगेच घेऊ नका. जुन्या गाड्यांचं वायरिंग मी बरीच वर्षं हौसेने उलगडतो आहे, आणि मागच्या दिव्याची ही लक्षणं इतकी बोलकी आहेत की तो न उघडताही सांगतो: डाव्या दिव्याचं अर्थिंग गेलंय. बल्बपर्यंत करंट व्यवस्थित पोचतोय, त्याला परत जायला वाट नाही. बल्ब आणि फ्यूज तपासून सगळे थांबतात. परतीच्या वायरीकडे कुणी बघत नाही, आणि जुन्या गाडीत निम्म्याहून अधिक वेळा गोम तिथेच असते असं माझं मत आहे.

बहुतेक दिव्यांना बॅटरीकडून एकच वायर येते. परतीची वायर हातभर लांबीचीही नसते. बहुधा काळी किंवा तपकिरी असते, जवळच्याच पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, आणि तिथून पुढे गाडीची बॉडीच निगेटिव्हचं काम करते. हा बोल्ट सैल झाला किंवा त्याच्याखाली गंज धरला की सगळं बिघडतं.

तुमच्या गाडीत काय घडतंय ते बघा. मागचा बल्ब बहुधा पी २१/५ डब्ल्यू असणार. एकाच काचेत दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा), ५ वॉटची टेलसाठी आणि २१ वॉटची ब्रेकसाठी. बुडाशी दोन टिपके, प्रत्येकाला आपापली वायर. पण दोन्ही फिलामेंटची दुसरी टोकं बल्बच्या धातूच्या टोपीत एकत्र येतात, आणि शेजारच्या इंडिकेटरचा होल्डरही सहसा त्याच पट्टीवर असतो. म्हणजे तिघांची परतीची वायर एकच. ती तुटली तरी नुसते दिवे लावल्यावर टेल लाइट पेटते, कारण तिचा करंट टोपीत अडला की ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत घुसतो. ती वायर उजव्या ब्रेक लाइटलाही जोडलेली आहे. उजव्या बाजूचं अर्थिंग चांगलं असल्यामुळे तो तिथल्या बल्बमधून पत्र्यात उतरतो. २१ वॉटची थंड फिलामेंट एवढ्याशा करंटला फारशी अडवत नाही. त्यामुळे डावी टेल लाइट जवळपास नेहमीसारखीच दिसते आणि महिनोन्महिने कुणाला शंका येत नाही.

ब्रेक दाबलात की त्याच वायरीत १२ व्होल्ट येतात आणि ही उसनी वाट बंद होते. आता टेल आणि ब्रेक दोन्हींचा करंट टोपीत येऊन तुंबतो, जायला जागा उरते ती फक्त इंडिकेटरची. मागच्या इंडिकेटरमधून उलटा, त्याच्या वायरीतून पुढे, आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून पत्र्यात. वाटेत एकामागोमाग एक फिलामेंट लागतात, प्रत्येक टप्प्याला साधारण चार व्होल्टच मिळतात. तेवढ्या व्होल्टवर इंडिकेटर मंद पेटतो आणि टेल-ब्रेक विझल्यासारखे दिसतात. पडताळायचं असेल तर दिवे लावून ब्रेक दाबा आणि कुणाला तरी गाडीच्या पुढे उभं करा. पुढचा डावा इंडिकेटरही मंद पेटलेला दिसला तर माझ्या मनात काही शंका उरणार नाही.

खात्रीसाठी आणखी सोपी चाचणी. दोन हात लांब वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. डिकीच्या आतून होल्डर काढा, पण कनेक्टर जोडलेलाच ठेवा. दिवे लावून ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा. वायरीचं एक टोक ज्या पट्टीवर बल्बची टोपी टेकते तिला लावा, दुसरं पत्र्याच्या रंग नसलेल्या जागेला, नाहीतर वायर तेवढी लांब असेल तर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा त्याच क्षणी लख्ख पेटला तर निदान झालं. ही वायर फक्त अर्थिंगच्याच पट्टीला लागली पाहिजे. बुडाच्या टिपक्यांना लागली तर फ्यूज उडेल.

मल्टिमीटर असेल तर आणखी चांगलं, पण तो वापरायची पद्धत महत्त्वाची आहे. अनेकजण दिवे बंद करून, मीटर बीपवर ठेवून अर्थिंगची वायर तपासतात, बीप वाजतो आणि वायर चांगली असल्याचा निष्कर्ष निघतो. मीटर स्वतः अगदी नगण्य करंट सोडतो. वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी त्याला ती पुरते. २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तेव्हा ती एक तार दम तोडते. म्हणून मोजायचं ते दिवे पेटलेले असताना. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) होल्डरच्या अर्थिंगच्या पट्टीला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. चांगल्या गाडीत ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दिसतात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की वायर किंवा बोल्ट साफ करायलाच हवा. तुमच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर काही व्होल्ट दिसतील असा माझा अंदाज आहे.

आता बोल्ट शोधा. होल्डरमधून निघणारी वायर हाताने चाचपत जा. ती बहुधा डिकीच्या आतल्या आवरणामागे, दिव्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याला लागलेली सापडेल. वरून बघून फसू नका. बोल्टचं डोकं चकचकीत असतं, हलवून बघितला तर घट्ट लागतो. पण पाना लावून काढलात की वायरीच्या टोकाच्या गोल थिंबलखाली तपकिरी भुकटी सांडते आणि पत्र्यावर थिंबलच्याच आकाराचं काळं वर्तुळ उमटलेलं दिसतं. काही वेळा पत्र्याला नंतर रंग मारलेला असतो आणि थिंबल त्या रंगावरच बसवलेलं असतं. अशा वेळी करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात असतो. पॉलिश पेपरने पत्रा, थिंबल आणि वॉशर तिन्ही पांढरे दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा किंवा ग्रीसचा हात फिरवा म्हणजे ओल लागणार नाही. थिंबल जिथे वायरीला दाबून बसवलेलं असतं तिथे तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवं थिंबल लावा. हिरव्या तारेवर कितीही घट्ट बोल्ट लावला तरी दोष महिन्या-दोन महिन्यांत परत येतो.

बोल्ट स्वच्छ निघाला तर होल्डरकडे वळा. जुन्या होल्डरमध्ये पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात आणि रिव्हेटखाली गंज धरतो. पट्टी बोटाने दाबून बघा, दिवा लुकलुकला तर दोष तिथेच आहे. असेंब्ली बदलायची वेळ या टप्प्यावर येऊ शकते, पण तेव्हाही आधी फक्त होल्डरची पट्टी वेगळी मिळते का ते विचारा. आणि एक खात्री करून घ्या, नवा बल्ब बरोबरच्या जातीचा आहे ना. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, एका फिलामेंटच्या पी २१ डब्ल्यूच्या सारख्या उंचीवर. काहीजण हा बल्ब दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये जोर लावून बसवतात. मग त्याच्या बुडाचा एकुलता एक मोठा टिपका होल्डरच्या दोन्ही संपर्कांना एकदम टेकतो आणि टेल व ब्रेकच्या वायरी आपसात जोडल्या जातात. त्यानेही अशीच चमत्कारिक लक्षणं दिसतात.

हेडलाइटची गोष्ट वेगळी आहे, तिथे घाई नको. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की प्रकाश जवळपास तीस टक्के कमी होतो आणि रंग पिवळा पडतो. एच ४ बल्बचा लो बीम ५५ वॉटचा, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. वाटेत नुसता ०.४ ओहमचा अडथळा असला तरी पावणेदोन-दोन व्होल्ट खलास. एवढासा अडथळा मीटरच्या ओहमवर धड दिसतही नाही.

इंजिन चालू ठेवा, लो बीम लावा. आधी बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मग उजव्या बल्बच्या कनेक्टरच्या मागून प्रोब घुसवून थेट बल्बच्या दोन टोकांमध्ये मोजा. मग डाव्या बल्बवर. डावीकडे १३ आणि उजवीकडे ११.५ आले तर दोष उजव्या बाजूच्या स्वतःच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. दोन्हीकडे सारखंच कमी आलं तर दोष सामायिक वाटेवर, म्हणजे स्विच, फ्यूजची बैठक किंवा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच). काही जुन्या गाड्यांमध्ये रिलेच नसतो, हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून जातो आणि त्याचे संपर्क काळे पडतात. काही गाड्यांत हेडलाइटचं स्विचिंग अर्थिंगच्या बाजूने असतं. म्हणूनच मी थेट बल्बच्या दोन टोकांमध्ये मोजायला सांगतो, पद्धत कुठलीही असली तरी हा आकडा खोटा बोलत नाही. कनेक्टर काढून नीट बघा, प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं असेल तर तोच बदला. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं आणि पुरेसं असूनही उजवीकडे पिवळट दिसत असेल तर दोष विजेत नाही. बल्ब जुना झालाय, आतल्या आरशाची चकाकी गेलीय किंवा समोरची काच पिवळी पडलीय. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका.

बाकीच्या दिव्यांचं थोडक्यात. दोन्ही ब्रेक लाइट एकदम गेल्या तर बल्ब सोडा, फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच बघा. इंडिकेटर एका बाजूला भरभर लुकलुकतो तेव्हा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो किंवा त्याचं अर्थिंग. एलईडी बसवले असतील तरी असंच होतं, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतं. हॅझर्ड चालतो आणि इंडिकेटर चालत नाही, तर फ्यूजनंतर हॅझर्डच्याच बटणाचे संपर्क तपासा, कारण बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट त्यातूनच जातो. डिकीच्या दारावर असलेले दिवे कधी लागतात कधी नाही, असं असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी बाहेर काढा. दार उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, पुढे वायर जळते.

तुमच्या मागच्या गाडीवाल्याला डावीकडून तुम्ही ब्रेक लावल्याचं आत्ता कळतच नाहीये, उलट वळणार आहात असं वाटू शकतं. म्हणून मागचं काम आधी करा, हेडलाइट नंतर.

काम झाल्यावर दिवे, ब्रेक, डावा इंडिकेटर आणि रिव्हर्स हे सगळं एकदम लावून तपासा, कारण एकेक दिवा लावला की कमकुवत अर्थिंग लपून राहतं. तरीही काही उरलं तर दोन आकडे कळवा: ब्रेक दाबलेला असताना मागच्या पट्टीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती व्होल्ट आले, आणि दोन्ही हेडलाइटच्या टोकांवर किती. त्यावरून पुढे कुठली वायर सोडवायची ते सांगतो.