फॉरस्वंक: दमायचं ते कामाआधी की कामानंतर?

'फॉरस्वंक हा जुना इंग्रजी शब्द काम सुरू करण्याआधीच दमलेल्या माणसासाठी आहे म्हणतात, खरं का? आणि आज तो वापरता येईल का?' असं एकाने विचारलंय.

खरं नाही. कुणीतरी केलेली ही कोटी लोक व्युत्पत्ती म्हणून पुढे ढकलत बसलेत. 'आधी' दाखवणारा 'फोर' वेगळा, 'फोरसी'मधला (म्हणजे आधीच ओळखणं). इथे आहे तो 'फॉरगेट', 'फॉरलॉर्न'मधला 'फॉर'. त्याचं काम क्रियेचा पुरता निकाल लावणं. 'स्विंक' म्हणजे राबणं; जुना इंग्रज कवी चॉसर याचा नांगरट्या 'ट्रू स्विंकर' आहे, म्हणजे सच्चा कष्टकरी. तेव्हा फॉरस्वंक म्हणजे राबून राबून पार दमलेला.

हे 'पार' मी मुद्दाम लिहिलं. संस्कृतात जिथे 'प' असतो तिथे इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत 'फ' सापडतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. हा 'फॉर'ही परि, परा, प्र यांच्याच गोतावळ्यातला. म्हणजे 'परिश्रांत' आणि 'फॉरस्वंक' यांची घडण अगदी एकसारखी. माझा लाडका तर्क याहून पुढे जातो. आपण 'पार दमलो' म्हणतो त्यातला 'पार' मुळात पैलतीर, आणि त्याचं मूळही त्याच घराण्यात शोधतात. म्हणून मला 'पार दमलेला' हेच फॉरस्वंकचं खरं मराठी वाटतं. कोशकार याला ओढाताण म्हणतील. म्हणोत.

तसे टीपाकारही काही कमी नाहीत. इंग्रज कवी स्पेन्सरच्या 'शेफर्ड्स कॅलेंडर' या काव्यात (1579) एप्रिलच्या गीतात मेंढपाळ एलिझाला, म्हणजे एलिझाबेथ राणीला, आपली देवी म्हणतो आणि मी तिचा सेवक, 'फॉरस्वंक अँड फॉरस्वॉट' असलो तरी, असं सांगतो. शब्द तेव्हाच इतके जुनाट झाले होते की सोबत टीप द्यावी लागली. ती देणाऱ्या ई. के. नावाच्या गृहस्थांनी पहिल्याचा अर्थ 'अतिश्रमाने थकलेला' असा बरोबर दिला, पण दुसऱ्याचा केला 'उन्हाने रापलेला'! अहो, 'स्वॉट' उघड उघड 'स्वेट'वरून आलाय. माणूस घामाने निथळतोय आणि हे त्याचा रंग बघतायत. हे ई. के. म्हणजे खुद्द स्पेन्सरच, असंही काहींचं मत आहे. मला पटत नाही. आपल्याच शब्दाशी कवी इतका बेपर्वा वागेल?

हां, वापराचं राहिलं. खुशाल वापरा, पण कंटाळलेल्यासाठी किंवा जागरण झालेल्यासाठी नको, आधी राबलेलं असावं लागतं. आणि आघात 'स्वंक'वर द्या.