'वीतरागभयक्रोधः' : राग आणि क्रोध एकाच ओळीत कसे?

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची लेक पाठांतर स्पर्धेसाठी गीतेचा दुसरा अध्याय पाठ करतेय. ५६व्या श्लोकात 'वीतरागभयक्रोधः' आलं आणि ती थांबली : "आई, राग आणि क्रोध एकच ना? मग दोनदा कशाला सांगितलं?"

ताई, लेकीला आधी हे सांगा, की त्या ओळीतला राग आपला राग नव्हे. संस्कृतात राग म्हणजे ओढ, आसक्ती, प्रेमसुद्धा. योगसूत्रांत 'सुखानुशयी रागः' अशी व्याख्याच आहे, सुखाच्या मागोमाग चिकटून येतो तो राग. लगेच पुढचं सूत्र द्वेषाचं. म्हणजे गीतेतला मुनी ओढ, भीती आणि संताप या तीन वेगवेगळ्या गोष्टींतून सुटलेला आहे.

मूळ धातू रञ्ज्, म्हणजे रंगणं, तांबडं होणं. रंग, रंजन, रक्त, अनुराग, गाण्यातला राग ही सगळी त्याच घरातली. मराठीत रागाचा तो जुना, ओढीचा अर्थ 'वैराग्य' या शब्दात अजून शाबूत आहे. दुर्वास ऋषी आठवा. संस्कृतच्या हिशेबाने ते विरागी, आणि मराठीच्या हिशेबाने भलतेच रागीट. दोन्ही खरं.

मग प्रेमाचा शब्द संतापाकडे कसा सरकला? मला तरी रंगाचीच वाट पटते. माणूस संतापला की डोळे, कान, नाकाचा शेंडा तांबडा होतो. नाट्यशास्त्रात भरताने प्रत्येक रसाला रंग दिलाय. शृंगाराचा रंग श्याम, आणि तांबडा रौद्राचा, ज्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, क्रोध. बंगाली आणि ओडियातही राग म्हणजे संतापच. हिंदीत तसं झालं नाही.

खरी गंमत शेजारच्या शब्दात आहे. संस्कृतात 'लोभ' हा षड्रिपूंपैकी एक. आपण मात्र पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो, आणि गोड लेकराला लोभस म्हणतो. हाव हा अर्थ राहिलाय, पण त्याच्या जोडीला माया आली. आता 'रागलोभ' ही जोडी बघा. संस्कृतात दोन्ही शब्द एकाच बाजूचे, हवंहवंसं वाटण्याचे. मराठीत एक संतापाकडे गेला, दुसरा मायेकडे, आणि दोघं मिळून माणसांमधल्या नात्याची दोन टोकं झाली. "आमचे रागलोभ संपले" असं कुणी म्हणालं तर समजावं की नातंच संपलं. इतका नेमका जोडशब्द मला दुसऱ्या भाषेत भेटलेला नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक शेजारी आहे : गुस्सा. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. माझे आजोबा उर्दूतून शिकले, त्यांच्या तोंडी 'गुस्सा' सहज यायचा. आजी मात्र "मास्तर लई रागं भरले का रं?" असंच विचारायची. एकाच घरात दोन शब्द, आणि दोघांनीही वाटेत अर्थ बदललेला! अरबीत 'गुस्सा' म्हणजे घशात अडकणारा घास, आवंढा. फारसीत तो शोक झाला, आजही इराणी माणूस दुःखालाच गुस्सा म्हणतो. उर्दूत पोचेपर्यंत त्याचा संताप झाला. घशात दाटलेलं काहीतरी, ते रडू की चीड, हे त्या-त्या मुलखानं ठरवलं.

'रुसणं' तर आणखी हळवं. संस्कृत रुष् म्हणजे रागावणं, रोष त्यातलाच. मराठीत आपण परक्यावर रोष धरतो, पण रुसतो फक्त आपल्या माणसावर, आणि तेही कुणीतरी समजूत काढायला येईल या भरवशावर.

भावना कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, याच्या बांधावरच्या खुणा प्रत्येक समाजाने आपापल्या जागी रोवल्या आहेत. प्रशांत महासागरातल्या इफालुक बेटावर 'फागो' असा एक शब्द आहे. माया, कणव आणि दुःख तिन्ही त्यात एकत्र. कॅथरीन लुट्झ या अभ्यासक बाईंनी तिथं राहून त्यावर लिहिलं, १९८८मध्ये त्यांचं पुस्तक आलं. इंग्रजीत त्याला एक शब्द सापडत नाही. आपल्याकडे 'जीव तुटतो' म्हणतात ना, ते मला त्याच्या बरंच जवळचं वाटतं. गावाकडून लेकरू शिकायला पुण्याला निघालं की आईचा जीव तुटतो, त्यात माया किती आणि दुःख किती हे कोण वेगळं काढणार? म्हणून आपल्या पूर्वजांना आपल्यासारखा राग येतच नसेल, असं मात्र मी म्हणणार नाही. येत होता, त्याला ते क्रोध म्हणत.

आणि ताई, लेकीला पाठांतर सोडू देऊ नका. आणखी सहाच श्लोकांनी ६२वा येईल : 'सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते'. आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. संस्कृतातला राग या साखळीच्या आरंभाला आहे, आणि माझ्या आजीच्या तोंडचा राग शेवटाला. ती तिथं पोचली की दोन्ही राग तिला एका ओळीत भेटतील.