निसर्ग, पाप आणि एक किडा

प्रश्न असा आला आहे : अमेरिकी लेखक नॅथॅनिअल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीवर मराठीत टिपण लिहायचं, तर 'पाप विरुद्ध निसर्ग' म्हणावं की 'पाप विरुद्ध प्रकृती'? विचारणाऱ्यांनी जाता जाता कादंबरीचं नाव 'लाल अक्षर' असं करून टाकलं आहे.

निसर्ग म्हणा. 'प्रकृती' लिहिलंत तर निम्मे वाचक कादंबरीची नायिका हेस्टर प्रिन हिला ताप आलाय का विचारतील आणि उरलेले सांख्यदर्शन काढून बसतील. निसर्ग म्हणजे डोंगर-धबधबे, हा सहलीवाल्यांचा अर्थ. संस्कृतात निसर्ग म्हणजे जात्याच असलेला स्वभावही. 'निसर्गतः'मध्ये तो अजून धडधाकट आहे. कादंबरीला दोन्ही अर्थ लागतात, रानाचा आणि माणसाच्या आतल्या रानाचा. झालं.

आता ते 'लाल'. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. लाल अक्षर म्हटलं की मला भिंतीवरच्या कॅलेंडरातली सुट्टी दिसते. स्कार्लेट हे मुळात भारी कापडाचं नाव, रंगाला ते नंतर चिकटलं. आपल्या जुन्या कागदपत्रांतली 'सकलाद' (उंची लोकरी कापड) त्याच गोतावळ्यातली. व्यभिचाराची शिक्षा म्हणून हेस्टरच्या छातीवर आलेला 'ए'सुद्धा तलम तांबड्या कापडाचा, सोनेरी जरीनं भरलेला. पण 'सकलादी अक्षर' आज कुणाला कळणार? म्हणून मराठीत शब्द एकच : किरमिजी.

आणि इथेच खरी गंमत आहे. किरमिजी हा अरबी 'किर्मिझ'वरून आला, एवढं लिहून कोश हात झटकतात. अहो, पण त्या किर्मिझच्या पोटात कोण आहे? फारसीत किडा म्हणजे 'किर्म', आपल्याकडे कृमी. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर बसणाऱ्या एका किड्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून हा रंग काढत. लोकांना ते बी-दाणेच वाटायचे. किरमिजी म्हणजे 'कृमिज', किड्यापासून झालेला. फारसी किर्म आणि संस्कृत कृमी या फक्त बहिणी आहेत, एकीनं दुसरीला जन्म दिलेला नाही, असं काही विद्वान डोळे वटारून सांगतात. असू द्या बहिणी. किडा तर एकच ना? मला 'कृमिज'च पटतं. इंग्रजी क्रिमझन आणि कार्माइन याच घरातले. व्हर्मिलियन घर वेगळं, पण लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ छोटा किडाच. आपली लाख आणि तिचा अळता, तोही किड्याचाच.

पुढे ऐका. बायबलात यशयाच्या पहिल्या अध्यायात पापांचा रंग लालभडक सांगितला आहे आणि ती बर्फासारखी पांढरी होतील असं आश्वासन दिलं आहे. तिथे दुसऱ्यांदा जो तांबडा रंग येतो, त्याचा हिब्रू शब्द 'तोला', म्हणजे पुन्हा किडाच! बायबल कोळून प्यायलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे हेस्टरला शिक्षा देणाऱ्या त्या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, पापाला जो रंग दिला, तो झाडावरच्या एका निरुपद्रवी जीवाकडून उसना घेतलेला. म्हणून तुमच्या प्रश्नातला 'निसर्ग' मला चालतो, 'विरुद्ध' खटकतो.

हॉथॉर्नलाही (कादंबरी 1850ची, गोष्ट त्याआधी दोनेकशे वर्षांच्या बॉस्टनची) तो सरळ विरोध मान्य नसावा. तुरुंगाच्या दाराशी रानगुलाब फुललेला आहे, हे सगळे सांगतात. रानात हेस्टर ते अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते आणि लख्ख ऊन पडतं, हेही सांगतात. पण तिथेच निवेदक त्या निसर्गाला रानटी, धर्महीन म्हणतो, हे सांगायला विसरतात. आणि अक्षर परत छातीवर लावल्याशिवाय हेस्टरची मुलगी पर्ल ओढा ओलांडून आईकडे येत नाही. निसर्गाचं लेकरू म्हणून जिचं कौतुक करायचं, तीच पापाची खूण मागते! 'निसर्ग म्हणजे निष्पाप' असं लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण बहुधा गाळून वाचलेलं असतं.

तर शीर्षक 'किरमिजी अक्षर' करा. पर्ल समुद्रातल्या गवताचा एक 'ए' स्वतःच्या छातीवर लावते, त्याला मात्र खुशाल 'हिरवा' म्हणा. हिरव्यात मला अजून किडा सापडलेला नाही.