'होम्सला घर खायला उठायचं' हे बरोबर आहे का?

तुमचं वाक्य असं आहे: "हातात केस नसली की शेरलॉक होम्सला बेकर स्ट्रीटचं घर खायला उठायचं." आणि मैत्रीण म्हणते की इथे हा वाक्प्रचार चालत नाही. मला मैत्रिणीचं पटतं, पण का ते नीट बघायला हवं, कारण 'घरात करमत नाही' एवढाच अर्थ धरला तर वाक्यात काही चुकलंय असं वाटतच नाही.

घर खायला उठतं ते कुणीतरी गेल्यावर. आजोबा गेले त्या वर्षी आजी दुपारभर ओट्यावर बसायची, मांडीवर मेथी निवडायचं ताट घेऊन, आणि मेथी निवडून झाली तरी आत जायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आत घर खायला उठतं गं." घर तेच, भांडी तीच, फक्त झोपाळ्यावरचं माणूस नाही. म्हणजे आधी भरलेलं घर लागतं, त्यात एक जागा रिकामी व्हावी लागते, मग ते खायला उठतं. आणि वाक्याची ठेवण बघा, कर्ता घर आहे, माणूस बिचारा 'आजीला', 'मला' असा सोसणारा.

आता होम्स, म्हणजे आर्थर कॉनन डॉयलच्या गोष्टींतला गुप्तहेर. 1887 सालच्या पहिल्याच कादंबरीत तो भाडं एकट्याला झेपेना म्हणून पार्टनर शोधत असतो आणि त्याला डॉक्टर वॉटसन मिळतो. दोन झोपायच्या खोल्या, एक मोठी बैठकीची खोली, घरमालकीण मिसेस हडसन. याला मी घर म्हणणारच नाही, हे बिऱ्हाड. आणि बिऱ्हाड तरी कसं, सिगार कोळशाच्या डब्यात, तंबाखू पर्शियन सपातेच्या टोकात, उत्तर न दिलेली पत्रं फायरप्लेसवरच्या लाकडी फळीत चाकू खुपसून टोचलेली, कोपऱ्याकोपऱ्यात कागदांचे गठ्ठे, जे तो कुणाला जाळूही देत नाही आणि स्वतः आवरतही नाही. लहर आली की आरामखुर्चीत बसून पिस्तुलाने समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडत व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' ही अक्षरं काढतो! इथे घर कुठे खायला उठलंय, माणूसच घराच्या जिवावर उठलाय.

केस नसली की तो दिवसदिवस सोफ्यावर पडून राहतो, तोंडातून शब्द नाही, नाहीतर कोकेनची सुई. त्याच्याकडे नाहीये ते काम, माणूस नव्हे. स्वभावानेच एकलकोंडा आहे तो, आणि 'एकटा' आणि 'एकलकोंडा' यात हाच तर फरक, एकट्याला सोबत हवी असते, एकलकोंड्याला ती नकोशी असते. म्हणून त्याच्यासाठी 'चैन पडत नाही', 'जिवाची तगमग होते' किंवा 'रिकामपण अंगावर येतं' हे चालेल. मला शेवटचं जास्त आवडतं कारण त्यात भिंती जवळजवळ सरकल्यासारखं वाटतं. 'पायाला भिंगरी' मात्र नको, ती सारखं भटकणाऱ्याची, हा तर केस येईपर्यंत जागचा हलत नाही.

तुम्ही म्हणाल, वॉटसन लग्न करून गेला तेव्हा तरी? तेव्हा वाक्प्रचार चालला असता, पण डॉयलने होम्सला रिकाम्या खुर्चीकडे बघत बसवलेलं नाही, तो जुन्या पुस्तकांत गाडून घेतो, एक आठवडा कोकेन, एक आठवडा काम. (बंगाली गोष्टींतल्या गुप्तहेर ब्योमकेशचं वेगळं, तिथे बायको सत्यवती आहे, संसार आहे, ते घर खरंच खायला उठू शकतं.)

या गोष्टींत तो वाक्प्रचार शोभतो तो वॉटसनला. होम्स मेला असं सगळे समजत असतात त्या काळात वॉटसनची बायको जाते, आणि होम्स परत आल्यावर काही महिन्यांत वॉटसन त्याच्या सांगण्यावरून केन्सिंग्टनची प्रॅक्टिस विकून पुन्हा बेकर स्ट्रीटला राहायला येतो. त्या घरात वॉटसनला कसं वाटायचं ते डॉयलने लिहिलेलं नाही, पण चालता दवाखाना विकून माणूस मित्राच्या जुन्या बिऱ्हाडात येतो म्हणजे काय ते माझ्या आजीला सांगावं लागलं नसतं.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: "हातात केस नसली की होम्सला बेकर स्ट्रीटच्या बिऱ्हाडात रिकामपण अंगावर यायचं." आणि 'खायला उठायचं' खोडू नका, लेखात पुढे वॉटसन येईल तिथे ठेवा.