परत आलेल्याचंच एवढं कौतुक का?

प्रश्न: आमच्या चर्चमधला एक जण दारूपायी कित्येक वर्षं तुटला होता, आता पश्चात्ताप करून आला तर पास्टरपासून सगळे त्याच्याच मागे, जेवणं काय, सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायची साक्ष काय. मी लहानपणापासून येतेय, संडेस्कूल घेते, मला कोणी विचारत नाही. देवाला पापी माणूसच जास्त मोलाचा वाटतो का? आणि त्याने लोकांकडून घेतलेले उसने पैसे, ते पण माफ झाले का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: ताई, तुमचा राग खरा आहे, आणि नेमकी हीच तक्रार बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीत थोरल्या मुलाने बापाकडे केलीय. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उधळतो आणि पश्चात्ताप करून परत येतो, तेव्हा बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी देतो. आपण उधळ्या मुलगा घरी आला की वाचायचं थांबतो, पण येशूने ती गोष्ट सांगितली कुणाला, तर हा पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांना, त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, म्हणजे रोख थोरल्याकडेच आहे. तो शेतातून येतो, नाचगाणं ऐकतो आणि आत जायलाच तयार नाही, म्हणतो इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत. मग बाप काय करतो? भरलं घर सोडून बाहेर येतो, त्याची समजूत काढतो. धाकट्याकडे धावत गेला तसा थोरल्यासाठीही उठून आला, मला तर या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं. जे माझं ते सगळं तुझंच, असं सांगतो त्याला. राबला म्हणून तो मुलगा ठरला नव्हता ना, तो आधीपासूनच होता, आणि तुम्हीही संडेस्कूल घेता म्हणून देवाला हव्या आहात असं नाही. चर्चने मात्र तुमची दखल घ्यायलाच हवी होती, ते पास्टरांना स्पष्ट बोला.

पैशांचं म्हणाल तर लूकमधलाच यरीहो गावचा मुख्य जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, जक्कय बघा. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला होता. येशूने त्याला उंबरावरून नावाने हाक मारून खाली बोलावलं, तुझ्याच घरी उतरणार म्हणाला, तेव्हा त्याने कुणाचा एक पैसाही परत केला नव्हता. पण त्यानंतर तो स्वतःच उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या 5व्या अध्यायात तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच मागितलंय! तेव्हा क्षमा मिळाली म्हणून उधारी बुडत नाही, त्याने ती फेडायलाच हवी, हप्त्याहप्त्याने का होईना, आणि पास्टरांनी हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगावं, पुढच्या साक्षीला उभं करायच्या आधी.