मायकेल कॉनेलीची ‘द लिंकन लॉयर’ वाचण्यासारखी आहे का? आधी मालिका पाहिली तर मजा जाईल का?

बिनधास्त वाचा. मजा जाणार नाही, कारण नेटफ्लिक्सच्या मालिकेचा पहिला सीझन मिकी हॅलर या नायकाच्या दुसऱ्या कादंबरीवर, ‘द ब्रास व्हर्डिक्ट’वर बेतलाय. ही पहिली, 2005ची. हिच्यावर 2011चा मॅथ्यू मॅकॉनहीचा सिनेमा आहे, तो मात्र नंतर बघा.

मिकी हॅलर हा लॉस एंजेलिसमधला आरोपींचा वकील. या कोर्टातून त्या कोर्टात पळताना लिंकन गाडीची मागची सीट हेच त्याचं ऑफिस. ड्रायव्हरही जुना अशीलच, थकलेली फी गाडी चालवून फेडतोय! एक गडगंज अशील मिळतो आणि हॅलर खूश होतो. पण त्या केसचे धागे त्याने पूर्वी तुरुंगात जाऊ दिलेल्या एका माणसापर्यंत जातात. पुढचं सांगत नाही.

कॉनेली आधी लॉस एंजेलिस टाइम्समध्ये गुन्हेवार्ता लिहायचा. म्हणून इथे कोर्टात भाषणबाजी कमी, सरकारी वकिलाशी घासाघीस आणि फीची वसुलीच जास्त. मला तोच भाग सगळ्यात आवडला. सुरुवातीची पन्नासेक पानं जरा संथ आहेत, तेवढी रेटून काढा.