सातमाशी मुलाने मैदानात पळावं का?

ऐरोलीच्या त्या बाईंना माझ्याकडून शाळेसाठी पत्र हवं होतं. चौथीतल्या ओमला (नाव बदललं आहे) खेळाच्या तासाला कायमची सूट मिळावी म्हणून. "मॅडम, सातमाशी आहे तो. दोन जिने चढला तरी धाप लागते. मोठेपणी फुप्फुसं अजून खराब होणार का?"

पत्र देणं माझ्या अखत्यारीत नव्हतं. मी जन्माची फाइल मागवली. ओम २८व्या आठवड्यात जन्मला, व्हेंटिलेटरवर होता, आणि गर्भातले ३६ आठवडे भरले असते तेव्हाही त्याला ऑक्सिजन लागतच होता. डॉक्टर याला बीपीडी म्हणतात, म्हणजे ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया, फार लवकर जन्मलेल्या बाळांचा फुप्फुसांचा दीर्घकाळ चालणारा आजार. पण हल्ली त्याला दमेकरी समजून पंप चालू होता. जन्माचं कुणी विचारलं नव्हतं, यांनीही सांगितलं नव्हतं. हे फार घरांत होतं.

फुप्फुसांतले पक्के वायुकोश बहुतांशी गर्भारपणाच्या अखेरीस तयार व्हायला लागतात आणि जन्मानंतर काही वर्षं वाढत राहतात. इतक्या लवकर आलेल्या बाळाला जो ऑक्सिजन आणि जे मशिन वाचवतं, त्याचाच कोवळ्या फुप्फुसांना त्रासही होतो. पुढे श्वासनलिका अरुंद राहू शकतात. घरघर दम्यासारखीच ऐकू येते, पण आतली सूज त्याच जातीची असेल असं नाही. म्हणून पंपाचा गुण काहींना येतो, काहींना बेताचाच.

मग ओमशी एकट्याशी बोलले. पळताना काय होतं रे? म्हणाला, "धाप लागली की आई घाबरते. मग मी बसतो." घरी आजी दप्तर उचलते, शाळा दहा मिनिटांवर असून रिक्षा होते. अशा मुलाची धाप फुप्फुसांची किती आणि सवय मोडल्याची किती, हे घरबसल्या कुणाला कळणार?

त्यांना मुलांच्या छातीविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, साधारण पाच-सहा वर्षांपासून जमते. ओमची कधी झालीच नव्हती. फुंकर वयाच्या मानाने कमी भरली, ऑक्सिजन मात्र व्यवस्थित. डॉक्टरांनी खेळायला सांगितलं: आधी अंग मोकळं करायचं, दमला की थांबायचं, पुन्हा उठायचं. ओठ निळसर पडले, बोलता येईना किंवा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या तर मात्र थेट दवाखाना.

आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ होकार-नकारात बसत नाही. श्वासाची ताकद विशीच्या सुरुवातीला शिखरावर असते, नंतर सगळ्यांचीच हळूहळू उतरते. अशा मुलांचं शिखर बरेचदा थोडं ठेंगणं राहतं. म्हणूनच हातातली वर्षं धुरात आणि सोफ्यावर घालवायची नसतात. वडील गॅलरीत सिगारेट ओढायचे, "घरात कुठे ओढतो?" म्हणत. कपड्यांना चिकटून धूर घरात येतोच, शिवाय उद्या हाच मुलगा वडिलांचं बघून शिकणार. तेवढं ऐकून ते गप्प झाले. फ्लूची लस दरवर्षी द्यायची, शक्यतो पावसाळ्याआधी, हेही डॉक्टरांनी लिहून दिलं.

सूट मागणारं पत्र आईने शेवटी दिलं नाही. त्याऐवजी पीटीच्या सरांना एक पानी माहिती दिली, सोबत जन्माच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत. मूळ कार्ड ओमसाठी जपायला सांगितलंय, कारण तिशीत धाप लागली तर मोठ्यांचा डॉक्टर सातव्या महिन्याचं विचारेलच असं नाही. मच्छर अगरबत्ती बंद झाली. आजींच्या संध्याकाळच्या धुपावर बोलणी अजून चालू आहेत.